दिनविशेषाची दैना

शाळेच्या दिवसाचा आरंभ कसा व्हावा, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित वाचकांपैकी कित्येकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. अभ्यासक्रम कोणता असावा, माध्यम कोणते असावे, परीक्षा किती घ्याव्यात, अशा विषयांवर आपल्याकडे वाद माजतात, समित्या बसतात आणि अहवाल निघतात. परंतु सकाळची घंटा झाल्यापासून पहिला तास सुरू होईपर्यंतची जी पंधरा-वीस मिनिटे, त्यांच्याविषयी कोणी हिरिरीने वाद घातल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आमचे म्हणणे असे की, एखादी शाळा मुलाला काय समजते हे ज्यास जाणावयाचे असेल, त्याने तिचा परिपाठ पाहावा. तेथे बोलते कोण, ऐकते कोण आणि विचारते कोण, एवढे पाहिले म्हणजे पुढच्या पाच-सहा तासांचे अनुमान बसल्या जागी करिता येते.

महाराष्ट्रातील बहुतेक शाळांतून परिपाठाचा क्रम ठरून गेलेला आहे. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, ठळक बातम्या, दिनविशेष, बोधकथा, सामान्यज्ञानाचे चार प्रश्न, आणि शेवटी पसायदान किंवा दोन मिनिटांचे मौन. यांतील एकाही गोष्टीशी आमचे वैर नाही. मुलांनी एका सुरात गावे, एका रांगेत उभे राहावे, यात काही वाईट आहे असे आम्ही मानीत नाही. आमचा रोष आहे तो दिनविशेषावर. खरे म्हणजे, दिनविशेषाची जी दैना आपण करून ठेविली आहे तिच्यावर. या साऱ्या क्रमात इतिहासाला रोज हात घालणारी अशी ही एकच बाब. आणि नेमकी तिचीच आपण वाण्याची यादी करून टाकिली आहे.

उदाहरणार्थ, ७ नोव्हेंबर ही तारीख घ्या. दिनविशेषाच्या पुस्तिकांत तिच्याखाली बहुधा या चार ओळी आढळतील: १८६७ साली मेरी क्यूरी यांचा जन्म, १८८८ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांचा जन्म, १९०० साली भीमराव आंबेडकर यांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश, १९१७ साली रशियातील बोल्शेविक क्रांती. आठवीतील मुलगी हा कागद हातात धरून एका दमात वाचते, रांगेतील मुले या पायावरचा भार त्या पायावर घेत ऐकतात, टाळ्या पडतात, आणि पुढचा मुलगा बोधकथा सांगू लागतो. साऱ्यास मिळून अर्धे मिनिट लागते. रेडियमचा शोध, प्रकाशाचे विकिरण, अस्पृश्यता आणि राज्यक्रांती या चार गोष्टी अर्ध्या मिनिटात हातावेगळ्या करणाऱ्या या विद्येस शिक्षण म्हणावे की जकात चुकविणे म्हणावे, हे वाचकांनीच ठरवावे.

यांतील तिसरीच ओळ पाहा. नऊ वर्षांचा एक मुलगा सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला. वर्गात त्याने इतरांपासून दूर, एका कोपऱ्यात बसावयाचे. बसावयास गोणपाटाचा तुकडा त्याचा त्याने घरून आणावयाचा आणि सायंकाळी परत न्यावयाचा, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावावयाचा नाही, शिपाई येऊन नळ सोडील तेव्हा प्यावयाचे, आणि शिपाई नसेल तर तहानलेलेच राहावयाचे. हे सारे बाबासाहेबांनी पुढे आपल्या इंग्रजी आठवणींत लिहून ठेविले आहे. राज्यशासनाने २०१७ साली या दिवसास ‘विद्यार्थी दिवस’ असे नाव दिले, हे योग्यच झाले. परंतु ‘शाळाप्रवेश’ या एका शब्दात तो गोणपाटाचा तुकडाही नाही आणि तो नळही नाही. त्या दिवशी मुलांस जर एवढेच विचारले की, ‘आपल्या वर्गात कोणी कोठे बसावे हे कोण ठरविते? कोणाजवळ बसावयास तुम्हांस नको वाटते, आणि का?’ आणि दहा मिनिटे त्यांस वही उघडून गप्प बसू दिले, तर त्या तारखेचे खरे स्मरण होईल. मात्र यातही एक मौज आहे. ७ नोव्हेंबर हा दिवस पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. २०१८ साली तर त्याच दिवशी लक्ष्मीपूजन होते. म्हणजे विद्यार्थी दिवस साजरा व्हावयाचा तो विद्यार्थ्यांवाचून!

चौथ्या ओळीतही असाच एक प्रश्न दडून बसला आहे. रशियातील या क्रांतीस जग ‘ऑक्टोबर क्रांती’ म्हणते; मग ती ७ नोव्हेंबरच्या खाली का छापिली जाते? कारण रशियात त्या वेळी जुने ज्यूलियन पंचांग चालू होते आणि त्यानुसार त्या दिवशी २५ ऑक्टोबर होती. रांगेतील एखाद्या मुलाने हा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर थेट आपल्या अंगणात येऊन पोहोचते. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या दिवशी झाला. याची तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० अशी लिहितो; ती त्याच जुन्या ज्यूलियन गणनेची आहे. आज भिंतीवर टांगलेल्या कॅलेंडरची ग्रेगोरियन गणना मागे नेली, तर तोच दिवस १ मार्च १६३० येतो. शिवाय ही तिथी तरी प्रथमपासून सर्वमान्य होती काय? नव्हती. जुन्या बखरींच्या आधारे शके १५४९, म्हणजे इ. स. १६२७, हे वर्ष पुष्कळ काळ धरिले जात असे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१ ची नोंद निघाली. परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी आढळली, आणि मग विद्वानांचे मत हळूहळू पालटले. एका देशमुखी घराण्याच्या दप्तरातील काही पानांनी महाराष्ट्राच्या सर्वांत प्रिय पुरुषाचे जन्मवर्ष बदलले, याहून रोमहर्षक धडा मुलांस कोणता द्यावयाचा? परंतु परिपाठात त्या दिवसापुरते जे वाक्य उच्चारिले जाते, त्यात ‘जन्म’ हा शब्द असतो आणि आकडा असतो. तो आकडा कोणी, कशावरून आणि किती खटपट करून ठरविला, याचा मागमूस नसतो.

कोणी म्हणेल, शकावल्या आणि पंचांगे हा संशोधकांचा विषय. पाचवी-सहावीच्या मुलांस त्यातले काय कळणार? आम्ही म्हणतो, त्यांस आपल्याहून अधिक कळेल, कारण त्यांच्या घरातच त्याचा पुरावा बसलेला असतो. महाराष्ट्रातील कोणत्याही गावात वृद्ध माणसांच्या जन्मतारखा विचारीत फिरावे; १ जून ही तारीख इतक्या वेळा कानांवर येते की, जणू त्या काळी मुले दुसऱ्या कोणत्या दिवशी जन्मासच येत नव्हती. शाळेत नाव घालिताना जन्माची नोंद नसली की गुरुजी अदमासाने वर्ष धरीत आणि त्यापुढे १ जून लावून मोकळे होत. आजीस विचारावे तर ती सांगते, ‘मोठा पूर आला त्या साली’, किंवा ‘थोरल्या काकांच्या लग्नाच्या आधी दोन महिने’. आता १९ फेब्रुवारीच्या आदल्या दिवशी मुलांस वहीत लिहावयास सांगा: ‘तुमच्या घरातील सर्वांत वृद्ध माणसाची जन्मतारीख कोणती, आणि ती खरी कशावरून?’ आजीचा पूर आणि जेध्यांची शकावली ही एकाच जातीची साधने आहेत, हे ज्या मुलाच्या ध्यानात दहाव्या वर्षी आले, त्यास पुढे इतिहासाच्या नावावर कोणी सहजासहजी फसवू शकणार नाही.

प्रतिज्ञेचीही हीच गोष्ट. पाठ्यपुस्तकांच्या आरंभीच्या पानांवर ती छापलेली असते आणि लक्षावधी मुले ती रोज म्हणतात. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने १९६२ साली तेलुगू भाषेत रचिली, हे किती मुलांस, किंवा किती शिक्षकांस, ठाऊक आहे? अमेरिकेतील शाळांतून रोज सकाळी जी निष्ठेची शपथ म्हणतात, ती तर फ्रान्सिस बेलामी याने १८९२ साली, कोलंबसाच्या प्रवासास ४०० वर्षे झाली त्या उत्सवाच्या कार्यक्रमासाठी लिहून दिली होती. एका दिवसाच्या उत्सवासाठी लिहिलेले शब्द रोजचा नेम होऊन बसले. ‘तुम्हांस स्वतःची प्रतिज्ञा लिहावयाची असती तर पहिले वाक्य कोणते लिहिले असते?’ हा प्रश्न वर्षातून एकदा तरी मुलांपुढे ठेवण्यास कोणाची हरकत असावी?

आता सुट्ट्यांकडे वळू. ज्या थोर पुरुषाचे स्मरण करावयाचे, त्याच्या जयंतीस शाळेच्या दारास कुलूप घालावयाचे, ही आपली रीत. शिक्षकांस विश्रांती नको, असे आम्ही मुळीच म्हणत नाही; मिरवणुकीचा आनंद मुलांनी घेऊ नये, असेही म्हणत नाही. डॉ. आंबेडकर जयंतीस कित्येक ठिकाणी तरुण मंडळी सलग १८ तास अभ्यासास बसतात. त्या उपक्रमाचे आम्हांस मनापासून कौतुक वाटते, कारण त्यात स्मरण आणि कृती यांची फारकत झालेली नाही. परंतु सामान्यतः काय होते? एक तर सुट्टी, नाही तर भाषणे. भाषण आईने किंवा बाबांनी लिहून दिलेले असते. ते ‘सन्माननीय व्यासपीठ’ येथून निघते आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ येथे पोहोचते. मधल्या वाटेत मुलाचा स्वतःचा एक शब्दही भेटत नाही. मग छायाचित्र निघते, ते वरिष्ठांकडे रवाना होते, आणि जयंती साजरी झाल्याची नोंद पडते. मूल यातून एवढेच शिकते की, थोर माणसांविषयी बोलताना आपण जे खरोखर मानतो ते बोलावयाचे नसते.

आणि यात शाळांसच दोष का द्यावा? आमच्या वाचकांच्या घरी रोज सकाळी काय चालते? फोन हाती घ्यावयाचा, कोणा महापुरुषाचे हार घातलेले चित्र आलेले असते, त्याखाली ‘विनम्र अभिवादन’ असते, ते दहा ठिकाणी पुढे धाडावयाचे आणि चहाचा पेला उचलावयाचा. ज्याला अभिवादन केले त्याचे एक पान वाचण्याची गरज कोणास भासत नाही. मुले हे पाहतात. घरचा परिपाठ आणि शाळेचा परिपाठ यांत फरक एवढाच की, शाळेत निदान उभे तरी राहावे लागते.

येथे काळाने एक नवी निकड उत्पन्न केली आहे. पूर्वी मुले निबंध गाइडातून उतरवीत. त्यात निदान बोटे तरी झिजत. आता कोणत्याही विषयावर, कोणत्याही इयत्तेस शोभेल असा निबंध यंत्र क्षणात लिहून देते. महाविद्यालयात शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांस याचा अनुभव रोज येतो: व्याकरणात निर्दोष, वळणात गुळगुळीत आणि आत पोकळ असे लेखन ढिगाने पुढे येते, आणि त्याच विद्यार्थ्यास समोर बसवून ‘तुला काय वाटते, ते चार ओळींत लिही’ म्हटले की, तो असा भांबावतो की जणू त्याच्याकडे काही चोरीचा माल मागितला! त्याचे मत नसते असे नाही. ते लिहावयाचे असते, ही गोष्टच त्याला बारा-पंधरा वर्षांत कोणी सांगितलेली नसते. घरी लिहून आणलेले लेखन कोणाचे, याची शाश्वती आता राहिली नाही. वर्गात, सर्वांदेखत, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या दहा ओळी एवढेच आता मुलाचे खात्रीचे लेखन. ते सकाळी, मन ताजे असताना, रोज झाले पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

आमची मागणी मोठी नाही. दिनविशेषाच्या चार-पाच ओळींपैकी एकच निवडावी. शिक्षकाने ती गोष्ट दोन-तीन मिनिटांत, साल आणि स्थळ यांसह, सरळ सांगावी. मग मुलाच्या स्वतःच्या आयुष्यास जाऊन भिडेल असा एक प्रश्न फळ्यावर लिहावा, आणि दहा मिनिटे सर्वांनी, शिक्षकानेसुद्धा, मुकाट्याने लिहावे. सुट्टी येणार असेल तर तिचा प्रश्न आदल्या दिवशी द्यावा, म्हणजे मूल सुट्टीत शिरेल ते काही शोध घेऊन शिरेल.

हे काही आमच्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. टॉल्स्टॉयने १८५९ साली यास्नाया पोल्याना येथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. एकदा त्याने मुलांपुढे एक म्हण ठेविली, तिच्यावर गोष्ट लिहा म्हणाला, आणि मुले अडली तेव्हा स्वतःच लिहावयास बसला. मुले त्याच्या पाठीमागून वाचू लागली, हे असे नको, ते तसे हवे, म्हणून सांगू लागली. आणि रात्र झाली तरी त्यांचा उत्साह ओसरला नाही. १८६२ साली त्याने त्यावर एक निबंध लिहिला. त्यात त्याचा प्रश्नच असा होता की, लिहावयास कोणी कोणापासून शिकावे, मुलांनी आपल्यापासून की आपण मुलांपासून? फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२० नंतर बार-सूर-लू या गावच्या शाळेत हीच वाट धरली. मुले आपल्या मनचे लिहून आणीत, ते वर्गात वाचले जाई, त्यांतून एक मजकूर निवडला जाई, आणि मुले स्वतःच्या हाताने खिळे जुळवून तो छापीत. आणि एवढे दूर तरी कशास जावयाचे? अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये असताना साने गुरुजींनी छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालविले होते. मुलांचा दिवस लेखनाशी जोडला पाहिजे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले. आज आपण काय करितो? २४ डिसेंबर आली की ‘१८९९: साने गुरुजी यांचा जन्म’ एवढे वाचतो आणि पुढच्या ओळीकडे वळतो.

या सूचनेवर जे आक्षेप येतील ते आम्ही जाणून आहोत. पहिला आक्षेप वेळेचा. शिक्षणहक्क अधिनियमाने २००९ साली पहिली ते पाचवीस वर्षात किमान २०० आणि सहावी ते आठवीस २२० दिवस शाळा ठरवून दिली आहे. दिवसास दहा मिनिटे धरिली तर २०० दिवसांची २,००० मिनिटे, म्हणजे सुमारे ३३ तास होतात. हे तास बुडीत खाती जातात असे ज्यास वाटते, त्याने आधी हे सांगावे की, सध्या तेवढेच तास रांगेत उभे राहून मुलांच्या पदरी काय पडते? दुसरा आक्षेप तपासणीचा. चाळीस मुलांच्या वह्या रोज कोणी तपासाव्या? कोणीच तपासू नयेत. शिक्षकाने रोज पाच वह्या वाचाव्या. आठ दिवसांत प्रत्येक मुलाची पाळी येते. वाचाव्या, आणि खाली एखादे वाक्य लिहावे. तांबडी शाई चालवू नये. ऱ्हस्व-दीर्घासाठी भाषेचा तास आहे. आणि ज्या मुलास प्रमाण मराठीत लिहिता येत नाही, त्याने अहिराणीत लिहावे, मालवणीत लिहावे, वऱ्हाडीत लिहावे. अगदी लिहिताच येत नसेल तर चित्र काढून शेजाऱ्यास सांगावे. परक्या भाषेत मुके राहण्यापेक्षा आपल्या बोलीत अशुद्ध लिहिणे शतपटीने बरे.

तिसरा आक्षेप खरोखर विचारार्ह आहे. मुले घरातील गोष्टी लिहितील. कोणाचा बाप दारू पितो, कोणाची आई घर सोडून गेली, असे काही कागदावर उतरेल. उतरेलच. म्हणून ही वही मुलाच्या मालकीची असावी. त्याच्या परवानगीवाचून तीतले एक अक्षर वर्गात वाचू नये, भिंतीवर लावू नये, आणि स्पर्धेस तर कदापि धाडू नये. ज्या शिक्षकास एवढा संयम नसेल, त्याने हा उद्योग हाती न घेतलेला बरा. मात्र मुलाचे दुःख शिक्षकास कळू नये यासाठी मुलास लिहूच द्यावयाचे नाही, हा उपाय म्हणजे ताप कळू नये म्हणून तापमापक फोडण्यासारखा आहे.

चौथा आक्षेप उघड कोणी घेणार नाही, पण खरा अडसर तोच आहे. ऐतिहासिक पुरुषांविषयी मुलांनी प्रश्न विचारू लागणे, हे पुष्कळांस धोक्याचे वाटते. कोणाच्या भावना केव्हा दुखावतील याचा नेम नाही. त्यापेक्षा जन्म, मृत्यू आणि टाळ्या यांवर भागविलेले बरे, असा सावध हिशेब मुख्याध्यापकांपासून पालकांपर्यंत सर्वांनी करून ठेविला आहे. या हिशेबाबद्दल आम्ही शिक्षकांस फारसा दोष देत नाही. त्यांच्या पाठीशी कोण उभे राहते, हे त्यांनी पाहिलेले आहे. दोष आम्ही देतो तो आमच्याच वर्गास, जो दिवाणखान्यात बसून विचारस्वातंत्र्याच्या गोष्टी करितो आणि मुलाच्या वहीत एखादे वेडेवाकडे मत दिसले की ‘असले काही लिहू नकोस, गुण जातील’ म्हणून त्याचा हात धरितो. ज्या थोरांच्या तसबिरींस आपण हार घालितो, त्यांतील बहुतेकांनी आपापल्या काळी अडचणीचेच प्रश्न विचारिले होते. त्यांची नावे मुलांच्या तोंडी आणि त्यांची सवय मात्र मुलांच्या हातास लागू द्यावयाची नाही, ही पूजा नव्हे.

पूर्वी मुलाच्या शिक्षणाचा आरंभ ओनाम्याने होई. धूळपाटीवर बोट टेकवून मूल पहिले अक्षर काढी. त्या पंतोजींच्या शाळांत दोष पुष्कळ होते, छडी होती, आणि मुलींस व अर्ध्याअधिक समाजास तेथे दार बंद होते. ते दिवस परत यावेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण आरंभ हाताने होत असे, एवढे त्यांचे घेण्याजोगे आहे. शाळासमित्यांवर आमचे वाचक आहेत, पालकसभांस जाणारे आहेत, स्वतः शिक्षक असलेलेही पुष्कळ आहेत. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा त्यांनी एका वर्गापुरती, एका सत्रापुरती ही दहा मिनिटे मागून घ्यावी, आणि सत्राअखेरीस त्या वर्गातील मुलांची पहिली आणि शेवटची पाने शेजारी शेजारी ठेवून पाहावी. त्यानंतरही ज्यास दिनविशेषाची यादीच बरी वाटेल, त्याच्याशी आमचा वाद नाही.